लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्याचा हिशेब

१ एप्रिल २०२५ पासून अमरावती महानगरपालिका क्षेत्रातले रेडीरेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या मालमत्तेच्या किमतीचे, दर ८.०३ टक्क्यांनी वाढले, अकोल्यातले ७.३९ टक्क्यांनी. त्याच दिवशी नागपुरातली वाढ ४.२३ टक्के होती, पुण्यातली ४.१६ आणि मुंबईतली ३.३९. मुंबई वगळता राज्यातल्या महानगरपालिका क्षेत्रांची सरासरी वाढ ५.९५ टक्के निघते. वऱ्हाडातली ही दोन्ही शहरे सरासरीच्या वर आहेत आणि अमरावतीची टक्केवारी पुण्याच्या जवळपास दुप्पट आहे.

हा आकडा वाचताना मागची तीन वर्षे सोबत धरावी लागतात. त्याआधीची वाढ १ एप्रिल २०२२ ची. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी दर जागचे हलले नाहीत. म्हणजे ८.०३ टक्के ही तीन वर्षांची वाढ एका दिवशी आलेली आहे. वर्षाला वाटून दिली तर अमरावतीची वाढ २.६ टक्के होते, अकोल्याची २.४.

खरेदीदाराला तिचा भार लगेच जाणवतो. मार्च २०२५ मध्ये रेडीरेकनरनुसार २५ लाखांचा असलेला अमरावतीतला फ्लॅट सरासरी वाढीने २७ लाख ७५० रुपयांचा झाला. मुद्रांक शुल्क ६ टक्के आणि नोंदणी शुल्क १ टक्का धरले, तर कागदाचा खर्च सुमारे १४ हजारांनी वाढला. किरायाने राहणाऱ्याच्या खर्चात मात्र या दराने काहीच बदलत नाही. रेडीरेकनर शुल्क आकारण्यासाठी असतो. किराया ठरवण्याशी त्याचा कायदेशीर संबंध नाही. ‘सरकारनेच आठ टक्के वाढवले’ हे करार नव्याने करताना सांगितले जाणारे कारण म्हणून टिकत नाही.

किरायाचा अंदाज घ्यायला दुसरा स्रोत जास्त उपयोगी आहे, तो म्हणजे केंद्र सरकारचे घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण. २०२२-२३ मध्ये देशातल्या शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,४५९ रुपये होता आणि त्यात भाड्याचा वाटा ६.५६ टक्के. २०२३-२४ मध्ये खर्च ६,९९६ रुपये झाला आणि भाड्याचा वाटा ६.५८ टक्के. रुपयांत हे भाडे माणशी ४२४ वरून ४६० वर गेले, म्हणजे वर्षभरात ८.६ टक्क्यांनी. एकूण खर्च ८.३ टक्क्यांनी वाढला. वाटा तेवढाच राहिला, कारण भाडे आणि बाकीचा खर्च बरोबरीने वाढले.

६.५८ टक्के हा आकडा लहान दिसतो, कारण तो स्वतःच्या घरात राहणाऱ्यांनाही धरून काढलेला आहे. २०११ च्या जनगणनेत देशातली २७.५ टक्के शहरी कुटुंबे भाड्याने राहत होती. ६.५८ टक्क्यांचा सगळा भार या २७.५ टक्क्यांवर टाकला, तर भाडेकरू कुटुंबाच्या खर्चात भाड्याचा वाटा २४ टक्क्यांच्या जवळ जातो. दोन आकडे वेगवेगळ्या वर्षांचे आहेत, भाडेकरूचा खर्च सरासरीइतकाच असतो हे गृहीत आहे, आणि सर्वेक्षणाच्या भाडे या सदरात गॅरेज आणि हॉटेलातला मुक्कामही येतो. तरी मोजमापाची पातळी कळते. चार माणसांच्या कुटुंबाला हे प्रमाण लावले तर महिन्याचे भाडे ६,७०० रुपयांच्या आसपास येते. पुढच्या सगळ्या हिशेबांत सोयीसाठी ते ७,००० धरले आहे. हा आकडा देशाच्या शहरी सरासरीवरून आला आहे आणि तो उदाहरणापुरता वाचावा.

ग्राहक किंमत निर्देशांकाची गोष्ट निराळी. २०१२ पायाच्या मालिकेत शहरी निर्देशांकात घराचे वजन २१.६७ टक्के होते, आणि मार्च २०२४ मध्ये घराची महागाई पावणेतीन टक्क्यांच्या आसपास होती. एकीकडे ८.६, दुसरीकडे पावणेतीन. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. निर्देशांक तेच घर, तीच जागा यांचे भाडे पुन्हा पुन्हा विचारतो. सर्वेक्षण माणसाच्या खिशातून गेलेले पैसे मोजते. एका खोलीतून दोन खोल्यांत गेलेले, गावातून शहरात किरायाने आलेले, घर बदलताना जास्तीच्या दराला तयार झालेले, हे सगळे त्यात येतात. जुन्या किरायेदाराला निर्देशांकाचा आकडा जवळचा वाटतो, नव्याला सर्वेक्षणाचा.

आता शहरांकडे. २००१ मध्ये अमरावती महानगरपालिकेची लोकसंख्या ५,४९,५१० होती, २०११ मध्ये ६,४७,०५७. दहा वर्षांत १७.८ टक्के वाढ. अकोल्याची ४,००,५२० वरून ४,२५,८१७ झाली, म्हणजे ६.३ टक्के. या काळात अमरावती जिल्हा १०.८ टक्क्यांनी वाढला आणि अकोला जिल्हा ११.३ टक्क्यांनी. अमरावती शहर आपल्या जिल्ह्यापेक्षा वेगाने वाढले. अकोला शहर आपल्या जिल्ह्याच्या जवळपास निम्म्या वेगाने.

अकोल्याचे हे कोडे हद्दीपाशी सुटते. शहर वाढतच होते, पण ते महानगरपालिकेच्या रेषेबाहेर वाढत होते. मलकापूर, उमरी अशा गावांत लेआउट पडत गेले आणि तिथली माणसे जनगणनेत अकोला शहराच्या नावावर मोजली गेली नाहीत. २०१६ मध्ये हद्दवाढ होऊन अशी २४ गावे महानगरपालिकेत आली. त्यानंतरचे अकोला हे २०११ च्या ४,२५,८१७ चे अकोला राहिलेले नाही. पण सरकारी कागदांवर अजून तोच आकडा चालतो, आणि भाड्याच्या बाजारात त्याची किंमत मोजून दाखवता येते.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो. ५० लाख आणि त्यावरची लोकसंख्या असलेले शहर एक्स वर्गात, ५ लाख ते ५० लाख वाय वर्गात, त्याखालचे झेड वर्गात. अमरावती वाय वर्गात आहे. अकोला ५ लाखांना ७४,१८३ माणसे कमी पडल्याने झेड वर्गात राहिले. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर १ जानेवारी २०२४ पासून हे दर २७, १८ आणि ९ टक्क्यांवरून ३०, २० आणि १० टक्के झाले.

परिणाम असा. ३५,४०० रुपये मूळ वेतन असलेला पोस्ट, रेल्वे किंवा आयकर खात्यातला कर्मचारी अमरावतीत ७,०८० रुपये घरभाडे भत्ता घेतो. तोच कर्मचारी बदली होऊन अकोल्यात आला की ३,५४० रुपये घेतो. फरक महिन्याला ३,५४० आणि वर्षाला ४२,४८० रुपये. २०२३ मध्ये, जुन्या दरांनी, हाच फरक महिन्याला ३,१८६ होता. दोन शहरांतले प्रमाण दुप्पटच राहिले, पण दर वाढल्याने रुपयांतली दरी एका वर्षात ११ टक्क्यांनी रुंदावली. आधी काढलेल्या ७,००० रुपयांच्या भाड्याशी जुळवून पाहिले, तर अमरावतीत हा भत्ता पूर्ण भाडे भरतो आणि अकोल्यात निम्मे. दोन्ही शहरांमधले रेल्वेचे अंतर अमरावतीजवळच्या बडनेरा स्थानकापासून धरले तर सुमारे ८० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात सिमेंट, विटा आणि मिस्त्रीची मजुरी दुप्पट-निम्मी होत नाही. अकोल्यात बदली झालेल्यांनी बिऱ्हाड न हलवता अप-डाऊन करावे असे वाटायला लावणारा हा नियम आहे, आणि त्याच्या मुळाशी हद्दवाढीपूर्वीच्या शहराची शिरगणती आहे. माझ्या मते दोन शहरांच्या भाड्याच्या बाजारातली ही सर्वांत अन्यायाची तफावत आहे, आणि ती बाजाराने निर्माण केलेली नाही.

अमरावतीत मागणी का टिकून राहते, हे थोडक्यात सांगता येते. ते पाच जिल्ह्यांच्या महसूल विभागाचे मुख्यालय आहे. विद्यापीठ १९८३ चे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये १०० जागांनी सुरू झाले. बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. अकोल्यात कृषी विद्यापीठ १९६९ पासून आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. यांतली प्रत्येक संस्था बदलीवर येणारा नोकरदार आणि परगावचा विद्यार्थी आणते, आणि हे दोघेही येताना घर विकत घेऊन येत नाहीत.

हे लोक ज्या घरात उतरतात ते बहुधा पार्किंगवर तीन किंवा चार मजल्यांच्या इमारतीत असते, आणि तिला लिफ्ट नसते. अमरावतीत कॅम्प, रुक्मिणीनगर, राठीनगर, साईनगर. अकोल्यात रामदासपेठ, जठारपेठ, रणपिसेनगर, गोरक्षण रोड. इमारतींची उंची इथेच का थांबते, याचे उत्तर बांधकाम नियमांत आहे. लिफ्टची सक्ती साधारण १५ मीटरच्या वर सुरू होते. पार्किंगचा तळ २.७ मीटर आणि प्रत्येक मजला ३ मीटर धरला, तर चार मजल्यांची इमारत १४.७ मीटरवर संपते. बिल्डरचा एक मोठा खर्च ३० सेंटिमीटरने वाचतो.

तो खर्च राहणाऱ्याच्या पायांवर येतो. निवासी जिन्याच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर ठेवता येते. त्या हिशेबाने पहिल्या मजल्यापर्यंत १५ पायऱ्या आणि पुढे प्रत्येक मजल्याला १६. तिसऱ्या मजल्याला ४७, चौथ्याला ६३. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो आणि टाकीसह वजन ३० किलोच्या आसपास भरते. ते ६३ पायऱ्या चढून येते. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांसह राहणाऱ्यांसाठी हे ६३ घर घेण्या-न घेण्याचा निर्णय करतात, आणि वरच्या मजल्यांचे भाडे उतरते ते पहिले या कारणाने.

दुसरे कारण उन्हाळा. मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना ३१ मेपर्यंत कलम १४४ लावावे लागले. झाडीच्या वस्तीचा लाभ इथे मजल्यागणिक बदलतो. कडुलिंबाची सावली पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या भिंतींवर पडते. चौथ्याच्या गच्चीवरचा स्लॅब दुपारभर उघड्यावर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. ही झाडे सहजासहजी जाणार नाहीत, एवढी तजवीज कायद्याने केली आहे. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावावी लागतात. मधल्या मजल्यांचा गारवा म्हणजे किरायेदाराच्या दृष्टीने इमारतीतली सर्वांत टिकाऊ सुविधा.

स्लॅबखालच्या आणि मधल्या मजल्यातल्या फरकाला रुपयांत मांडून पाहू. समजा दोन्ही घरांचा एरवीचा वीजवापर महिन्याला ९० युनिट आहे. मधल्या मजल्यावर एका कूलरने निभते. २०० वॅट, दिवसाला १० तास, म्हणजे महिन्याला ६० युनिट. वरच्या मजल्यावर दुपारी कूलर पुरत नाही म्हणून एसी लावला आणि त्याने दिवसाला ६ युनिट घेतले, तर महिन्याला १८०. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरात पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये आणि १०१ ते ३०० युनिटांना १०.२९ रुपये होते, वहन आकार युनिटमागे १.१७. मधल्या मजल्याचे वाढीव बिल ऊर्जा आकारात ५६२ रुपये, वरच्याचे १,७९६. वहन आकार मिळवून दोघांतला फरक महिन्याला सुमारे १,३७५ रुपये. उन्हाळ्याचे तीन महिने धरले तर ४,१२५, आणि बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला ३४४. वीजशुल्क आणि इंधन समायोजन यात नाही, एसीची किंमतही नाही. म्हणजे वरच्या मजल्याचे घर मधल्यापेक्षा महिन्याला साडेतीनशे रुपयांहून कमी फरकाने स्वस्त असेल, तर ते स्वस्त नाही. ६३ पायऱ्यांची किंमत त्यानंतर सुरू होते.

१०० युनिटांनंतर दर दुपटीहून जास्त होतो, ही गोष्ट आणखी एका ठिकाणी किरायेदाराला महाग पडते. एका मीटरवर तीन बिऱ्हाडे आणि प्रत्येकाला मालकाचे सबमीटर, ही मांडणी जुन्या घरांत सर्रास आढळते. प्रत्येक बिऱ्हाडाने १०० युनिट जाळले तर मीटरवर ३०० दिसतात. त्याचा ऊर्जा आकार पहिल्या १०० चे ४७१ आणि पुढच्या २०० चे २,०५८, एकूण २,५२९ रुपये. तिघांचे मीटर वेगळे असते तर प्रत्येकी ४७१, म्हणजे १,४१३. वापर तोच, पण बिल ७९ टक्के जास्त. दोन जादा मीटरांचा स्थिर आकार अडीचशेच्या आसपास धरला तरी तिघांचे मिळून महिन्याला साडेआठशेच्या वर जातात. यात मालकाला काही मिळत नाही. ही रक्कम केवळ मीटर वेगळा न घेतल्याने जाते. घर पाहताना भाड्यानंतर विचारायचा पहिला प्रश्न मीटर कोणाच्या नावावर आहे आणि त्यावर किती बिऱ्हाडे आहेत, हा असला पाहिजे.

पाण्याचा हिशेब छोटा आहे, पण वऱ्हाडात तो सोडता येत नाही. अमरावतीला पाणी ऊर्ध्व वर्धा धरणातून येते आणि ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवते. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून येते आणि महानगरपालिका पुरवते. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठीचे प्रमाण माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे चौघांना ५४०. कोरड्या हवेत कूलरला तासाला १० लिटर धरले तर दहा तासांचे १०० लिटर त्यात मिळवावे लागतात, जवळपास १९ टक्के जादा. नळ एक दिवसाआड आले तर एका बिऱ्हाडाला १,२८० लिटरची साठवण लागते, तीन दिवसांनी आले तर १,९२०. गच्चीवरची सामाईक टाकी आठ बिऱ्हाडांची असेल तर हा आकडा आठने गुणावा आणि टाकीवर लिहिलेले लिटर वाचावेत. टाकी कमी पडली तर खालच्या हौदातून १५ लिटरची बादली चढवावी लागते. फक्त कूलर भरायला सात बादल्या, आणि चौथ्या मजल्यावर प्रत्येकीला ६३ पायऱ्या.

यानंतर कागद. अकरा महिन्यांचा करार ही सवय १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली, कारण एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्यात सक्तीची होती. महाराष्ट्रात या सवयीचा आधार ३१ मार्च २००० ला गेला. त्या दिवशी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ ने प्रत्येक भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले, मुदत कितीही असो. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे परवान्यावर घर देण्याचा करारही, त्यात येतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत. अकरा महिन्यांनी नोंदणी टळते हा समज कायद्याने संपवून पाव शतक झाले, पण स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेले करार चालूच आहेत.

नोंदणी टाळून किती वाचते? ७,००० रुपये भाडे, २०,००० अनामत, मुदत अकरा महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवरचे १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. बेरीज ७८,८३३, शुल्क सुमारे १९७ रुपये. महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,०००. एकूण १,१९७, म्हणजे अकरा महिन्यांच्या भाड्याच्या १.५५ टक्के. हाच करार ३६ महिन्यांचा केला तर शुल्क ६४५ आणि नोंदणी १,०००, एकूण १,६४५. तीन वेळा अकरा महिने केले तर ३,५९१ रुपयांत ३३ महिने. मोठी मुदत निम्म्याहून कमी खर्चात होते, आणि ०.२५ टक्क्यांचा दर ६० महिन्यांपर्यंत मिळतो. मालकाचाही लाभ याच कागदात आहे. कलम २४ नुसार मुदत संपल्यावर परवानाधारकाने घर सोडले नाही तर करारातल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, आणि ताब्यासाठी दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते.

अकरा महिन्यांची सवय भाडेकरूला आणखी एका वाटेने महाग पडते. दर नूतनीकरणाला १० टक्के वाढ, असे कलम करारांत नेहमी असते. पाच वर्षांत अकरा महिन्यांची नूतनीकरणे पाच होतात, बारा महिन्यांची चार. ७,००० रुपयांचे भाडे साठाव्या महिन्यात पहिल्या पद्धतीने ११,२७४ होते, दुसऱ्या पद्धतीने १०,२४९. वाढीचा दर एकच, तरी महिन्याला १,०२५ रुपयांचा फरक फक्त एका महिन्याच्या काटछाटीचा. भाडेकरूंसाठी १९९९ च्या कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ सांगितली आहे. त्या दराने साठाव्या महिन्यात भाडे ८,१८९ झाले असते. लिव्ह अँड लायसन्सला ही मर्यादा लागू होत नाही, तिथे दोघांनी लिहिलेली रक्कम चालते. म्हणून वाढ ‘नूतनीकरणाला’ आहे की ‘वर्षाला’, हा करारातला शब्द सहीपूर्वी वाचण्यासारखा आहे.

मालक कागदाला का बिचकतो, याला वऱ्हाडात इतिहास आहे. २००० पूर्वी राज्यात तीन भाडे कायदे होते. मुंबई-पुण्याला १९४७ चा मुंबई कायदा, मराठवाड्याला १९५४ चा हैदराबाद कायदा, आणि विदर्भाला मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४६ चा कायदा व त्याखालचा १९४९ चा आदेश. या आदेशानुसार भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी मालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. रिकाम्या झालेल्या घराची खबर सरकारला द्यावी लागे आणि ते सरकारी नोकराला देण्याचा हुकूम येऊ शकत असे. अर्धे शतक हा आदेश चालला. ज्यांच्या वडिलांचे घर असे अडकले, ते आज मुलाच्या नावावरचा फ्लॅट कुलूपबंद ठेवतात. कायदा बदलल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचते, विश्वास पोचत नाही.

कुलपांची मोजणी झालेली आहे. देशाच्या शहरांत २००१ मध्ये ६५ लाख घरे रिकामी होती, २०११ मध्ये १ कोटी ११ लाख. वाढ ७१ टक्के. याच काळात भाड्याने राहणारी शहरी कुटुंबे १ कोटी ५३ लाखांवरून २ कोटी १७ लाखांवर गेली, वाढ ४२ टक्के. भाड्याच्या दर १०० घरांमागे २००१ मध्ये ४२ घरे रिकामी होती, २०११ मध्ये ५१. १९६१ मध्ये शहरी कुटुंबांपैकी ५४ टक्के भाड्याने राहत, २०११ मध्ये २८ टक्के. किरायाने घर शोधणाऱ्याला पुरवठा कमी भासतो तो घरे कमी बांधली म्हणून नव्हे. बांधलेली घरे बाजारात येत नाहीत.

केंद्राने २ जून २०२१ ला मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती ठेवली आहे आणि वादांसाठी स्वतंत्र भाडे प्राधिकरण सुचवले आहे. तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे, महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. सात हजारांच्या घराला दोन महिन्यांच्या मर्यादेने १४,००० अनामत झाली असती, इथे धरलेल्या २०,००० पेक्षा ६,००० ने कमी.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून होणार आहे. घर मालकीचे की भाड्याचे हा प्रश्न तिच्या घरयादीच्या टप्प्यात विचारला जातो, आणि रिकामी घरेही त्याच टप्प्यात मोजली जातात. हद्दवाढीनंतरचे अकोला पहिल्यांदा एक शहर म्हणून त्यात मोजले जाईल. ५ लाखांचा टप्पा त्या मोजणीत ओलांडला गेला आणि वर्ग बदलला, तर ३५,४०० मूळ वेतनावर महिन्याला ३,५४० रुपये वाढतील. तोवर अकोल्यात बदलीचा आदेश हातात पडलेल्या कर्मचाऱ्याने भत्त्याच्या रकमेच्या दुप्पट भाडे धरूनच घर पाहायला निघावे.